घरच्या फोटोसंग्रहातील उरलेल्या तात्पुरत्या फायली कशा ओळखाव्यात आणि कशा काढाव्यात

बडोद्यातील मराठी घराचा फोटोसंग्रह सहसा एकाच माणसाने, एकाच यंत्रावर जमवलेला नसतो. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानच्या नोकरीसाठी येऊन दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात स्थिरावलेल्या कुटुंबाकडे पणजोबांच्या कृष्णधवल छायाचित्रांचे स्कॅन असतात. शेजारच्या फोल्डरमध्ये डिजिटल कॅमेऱ्याच्या पहिल्या वर्षांतले मुंजी-लग्नांचे फोटो असतात, पुण्याला किंवा परदेशी राहणाऱ्या मुलांनी आपल्या मॅकवरून पेनड्राइव्हमध्ये भरून दिलेले फोटो असतात, आणि अलीकडची गणपती, नवरात्र व उत्तरायणाची सगळी चित्रे फोनमधून जशीच्या तशी उतरवलेली असतात. यातील प्रत्येक यंत्राने आणि प्रत्येक प्रोग्रामने काम करताना स्वतःच्या सोयीसाठी काही फायली तयार केलेल्या असतात, आणि काम संपल्यावर त्या तिथेच राहून गेलेल्या असतात. संग्रह एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर उतरवताना त्याही सोबत येतात आणि दर वेळी वाढत जातात.

त्यांचा त्रास हळूहळू जाणवू लागतो. फोटो पाहताना मध्येच ‘ही फाइल उघडता येत नाही’ असा संदेश येतो, एकाच प्रसंगाची लहान-मोठी चित्रे दुहेरी दिसतात, अर्धे चित्र आणि खाली करडा पट्टा असलेले फोटो सापडतात, आणि बॅकअप घेताना डिस्क अपेक्षेपेक्षा लवकर भरते. अशा वेळी ‘जागा मोकळी करा’ असे सुचवणारा एखादा प्रोग्राम चालवून एका झटक्यात सफाई करण्याचा मोह होतो. घरच्या फोटोंच्या बाबतीत तो मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे, कारण तात्पुरत्या वाटणाऱ्या फायलींमध्ये काही वेळा मूळ फोटो किंवा घरातल्या कोणीतरी अनेक संध्याकाळी बसून केलेले काम दडलेले असते, आणि कोणत्याही सफाईच्या प्रोग्रामला ते कळत नाही.

प्रत्येक अनोळखी फाइलबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात. ती कोणी तयार केली आणि ती पुसली तर तो प्रोग्राम तशीच फाइल आपण होऊन पुन्हा तयार करू शकेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःशंक ‘हो’ असेल तर फाइल काढावी. उत्तर ‘नाही’ असेल किंवा उत्तर ठाऊक नसेल तर ती राहू द्यावी. फाइलच्या नावात ‘टेम्प’ आहे की नाही, ती लपलेली आहे की नाही, ती किती मोठी आहे, यांपैकी कोणत्याही गोष्टीवरून हा निर्णय होत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

संपूर्ण संग्रहाची एक प्रत वेगळ्या बाह्य हार्डडिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी आणि डिस्क संगणकापासून काढून बाजूला ठेवावी. ही प्रत सफाई न करता, सगळ्या कचऱ्यासकट घ्यावी, म्हणजे पुढे काही चुकून निघाले तरी ते तिथे मिळेल. ही डिस्क कुठे ठेवायची, याचाही आपल्या शहरात विचार करावा लागतो. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले. तळमजल्यावर संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क अशी मांडणी असेल तर दोन्ही एकदमच जातील. एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकांकडे असावी.

फोटोंशी संबंधित सगळे प्रोग्राम बंद करावेत. फोटो संपादित करण्याचा किंवा कॅटलॉग ठेवण्याचा प्रोग्राम चालू असताना त्याच्या काही फायली खरोखरच वापरात असतात. उदाहरणार्थ, लाइटरूम चालू असताना कॅटलॉगच्या, म्हणजे फोटोंची यादी आणि त्यांवरील बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइलच्या, शेजारी ‘लॉक’, ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ अशा शेपटीच्या, म्हणजे नावाच्या शेवटी तो शब्द असलेल्या, फायली दिसतात. अद्याप कॅटलॉगमध्ये न उतरलेले बदल त्यांतील काहींमध्ये असू शकतात. प्रोग्राम नीट बंद केल्यावर त्या सहसा आपोआप नाहीशा होतात. बंद केल्यावरही राहिल्या तर प्रोग्राम पुन्हा उघडून, कॅटलॉग व्यवस्थित दिसतो याची खात्री करून, नीट बंद करावा. त्या हाताने पुसण्याची घाई करू नये.

यानंतर लपलेल्या फायली आणि फायलींच्या नावांच्या शेपट्या दिसतील अशी व्यवस्था करावी. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो’ या उपमेनूत ‘हिडन आयटम्स’ आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हे दोन्ही पर्याय असतात, तर विंडोज १० मध्ये तेच पर्याय ‘व्ह्यू’ या टॅबवर चौकटींच्या रूपात असतात. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि पूर्णविरामाची कळ एकत्र दाबल्यास लपलेल्या फायली दिसू लागतात. आता संग्रहाच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘टाइप’ म्हणजे प्रकारानुसार क्रम लावला की जेपीजी, व्हिडिओ आणि इतर सर्व प्रकार वेगवेगळे होतात. आपले काम मुख्यतः या ‘इतर’ गटाशी आहे. शून्य आकाराच्या फायली शोधण्यासाठी विंडोजच्या शोधपट्टीत आकाराच्या पर्यायांत ‘एम्प्टी’ ही निवड असते.

सफाईपूर्वी मुख्य फोल्डरवर राईट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये एकूण फायलींची संख्या आणि आकार पाहावा, आणि जेपीजी व व्हिडिओ फायलींची संख्या वेगळी मोजून कागदावर तारखेसह लिहून ठेवावी. शेवटच्या तपासणीत या आकड्यांचा उपयोग होतो.

निश्चिंतपणे काढता येतील अशा फायली

सर्वांत जास्त आढळणारी फाइल म्हणजे ‘थम्ब्स डॉट डीबी’. विंडोज एक्सपी आणि त्याआधीच्या आवृत्त्या फोटोंची छोटी चित्रे, म्हणजे थंबनेल, लवकर दाखवता यावीत म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये ही फाइल बनवत असत. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून ही व्यवस्था वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये एका जागी गेली, तरी घरातल्या नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ती अजूनही तयार होऊ शकते. फोल्डरमधले सगळे फोटो जागेवर असतील तर ती काढायला काहीच हरकत नाही. अपवाद एकच आहे. फोल्डर रिकामे आहे किंवा त्यातले फोटो कमी वाटतात, आणि तरीही तिथे ही फाइल आहे, असे असेल तर तिला हात लावू नये. मूळ फोटो पुसला गेल्यावरही त्याचे छोटे चित्र या फाइलमध्ये राहू शकते, आणि ते उघडून दाखवणारे मोफत प्रोग्राम उपलब्ध आहेत. टपाल तिकिटाएवढे का होईना, हरवलेल्या फोटोचे तेवढेच चित्र उरलेले असू शकते. निदान कोणता फोटो हरवला आहे हे तरी त्यावरून कळते, आणि मग तो नातेवाइकांकडे मागता येतो.

मॅकवरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये ‘डॉट डीएस-स्टोअर’ नावाची फाइल असते. तिच्यात फक्त फोल्डर कसे दिसावे याची माहिती असते, त्यामुळे ती काढावी. त्याबरोबर प्रत्येक फोटोच्या नावाआधी टिंब आणि अंडरस्कोर लागलेली, मोजक्या केबींची एकेक जोडफाइल दिसते. विंडोजमध्ये चालणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मॅकला आपली जादा माहिती ठेवायला वेगळी जागा नसते, म्हणून ती या जोडफायलींत ठेवली जाते. नावाच्या शेवटी जेपीजी असल्याने त्या फोटो वाटतात, पण उघडत नाहीत, आणि ‘फोटो खराब झाले’ असा समज होतो. त्याच नावाचा खरा फोटो शेजारी उघडत असेल आणि संग्रह आता विंडोजवरच राहणार असेल तर या सर्व काढाव्यात. ‘स्पॉटलाइट’, ‘एफएस-इव्हेंट्स’ अशी लपलेली फोल्डरेही शोध आणि नोंदीसाठी मॅकने केलेली असतात. मात्र ‘ट्रॅशेस’ हे फोल्डर आधी उघडून पाहावे, कारण मॅकवर त्या पेनड्राइव्हमधून पुसलेले फोटो तिथे अजून असू शकतात.

अँड्रॉइड फोनमधील ‘डीसीआयएम’ हे कॅमेऱ्याच्या फोटोंचे फोल्डर संपूर्ण उतरवले की त्यासोबत ‘थंबनेल्स’ नावाचे लपलेले फोल्डर येते. जुन्या फोनमधून आलेल्या अशा फोल्डरमध्ये ‘थंबडेटा’ या नावाने सुरू होणारी फाइल असते, आणि ती काही वेळा अनेक जीबींची असते. मूळ फोटो उतरले आहेत हे पाहून ती काढावी. डिस्क अचानक का भरली याचे उत्तर बहुधा याच एका फाइलमध्ये सापडते. काही गोप्रो कॅमेऱ्यांच्या व्हिडिओंसोबत येणाऱ्या ‘एलआरव्ही’ फायली कमी दर्जाच्या पूर्वावलोकनाच्या असतात, आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या ‘टीएचएम’ फायली व्हिडिओचे छोटे चित्र ठेवतात. मुख्य व्हिडिओ चालत असेल तर त्यांची गरज उरत नाही. घरात सिनोलॉजीचे नेटवर्क साठवण यंत्र असेल तर त्यावरील ‘ईए-डिर’ नावाची फोल्डरेही त्या यंत्राने थंबनेल आणि सूचीसाठी केलेली असतात.

‘सीआरडाउनलोड’ किंवा ‘पार्ट’ अशा शेपटीच्या फायली क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरनी अर्धवट उतरवलेल्या असतात. लग्नाच्या छायाचित्रकाराने पाठवलेल्या दुव्यावरून मोठी झिप फाइल उतरवताना इंटरनेट तुटले की त्या मागे राहतात. त्या काढण्यापूर्वी तीच झिप नंतर पूर्ण उतरली का, हे पाहावे. उतरली नसेल तर छायाचित्रकाराकडून दुवा पुन्हा मागून घ्यावा, कारण असे दुवे कायम चालू राहत नाहीत.

कचरा वाटणाऱ्या, पण ठेवायच्या फायली

या भागासाठीच मी हा लेख लिहीत आहे. सर्वांत मोठे नुकसान येथे होते, आणि ते अनेक वर्षांनी लक्षात येते.

पिकासा हा फोटो पाहण्याचा आणि आवरण्याचा गूगलचा प्रोग्राम एके काळी घरोघरी होता. २०१६ मध्ये तो बंद झाला, पण त्याने केलेल्या फायली आजही हजारो फोल्डरांमध्ये आहेत. प्रत्येक फोल्डरमधील ‘पिकासा डॉट आयएनआय’ ही लहानशी फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते. कोणत्या फोटोला तारांकित केले, कोणता फोटो कसा कातरला, आणि कोणत्या फोटोत कोणाचा चेहरा कोठे आहे याची माहिती तिच्यात असते. आजीजवळ बसून, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या समूहचित्रातील एकेका चेहऱ्याला तिच्या तोंडून नाव विचारून ते पिकासात नोंदवले असेल, तर ती नावे या फाइलमध्ये असतात, कारण पिकासा चेहऱ्यांची नावे मूळ सेटिंगमध्ये फोटोत लिहीत नसे. ती पुसली की कोणताही प्रोग्राम ती नावे पुन्हा तयार करू शकत नाही, आणि ज्यांना ती ठाऊक होती त्या व्यक्तीही आता कदाचित नसतील. त्याच फोल्डरमधील ‘पिकासाओरिजिनल्स’ हे लपलेले उपफोल्डर तर याहून महत्त्वाचे. पिकासात बदल करून फोटो ‘सेव्ह’ केला की न बदललेला मूळ फोटो त्यात ठेवला जाई. जुन्या आवृत्तीत याच फोल्डरचे नाव नुसते ‘ओरिजिनल्स’ होते. दुहेरी फोटो शोधणारे प्रोग्राम यातील फोटो ‘जादा प्रत’ म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात तीच मूळ प्रत असते, आणि बाहेरची प्रत कातरलेली किंवा रंग बदललेली असते.

हाच प्रकार ‘जेपीजी-अंडरस्कोर-ओरिजिनल’ अशी शेपटी असलेल्या फायलींचा. एक्झिफटूल हा प्रोग्राम फोटोतील तारीख किंवा मथळा बदलताना मूळ फाइल या नावाने बाजूला ठेवतो. बदलाची तारीख बरोबर आहे आणि नवा फोटो नीट उघडतो, हे तपासल्यावरच त्या काढाव्यात. येथे एकेक फोटो पाहण्याची गरज नाही, पण प्रत्येक फोल्डरमधील काही फोटो तरी उघडून पाहावेत.

‘एक्सएमपी’ शेपटीच्या छोट्या फायली रॉ स्वरूपातील, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या, फोटोंवर केलेले संपादन, मथळे आणि शोधशब्द साठवतात. आयफोनमधून येणाऱ्या ‘एएई’ फायली फोनवर केलेल्या संपादनाची नोंद ठेवतात. विंडोजवर त्या काही कामाच्या दिसत नाहीत, परंतु त्यांचा आकार इतका नगण्य असतो की त्या काढून काहीही साधत नाही. आयफोनच्या लाइव्ह फोटोसोबत येणारा तीनेक सेकंदांचा व्हिडिओही पुष्कळ जण निरुपयोगी समजून उडवतात. फोटो काढण्याच्या सुमारे दीड सेकंद आधीचे आणि नंतरचे चित्र व आवाज त्यात असतो. लहान मुलाचे हसणे किंवा आरतीतील आजोबांचा आवाज असा एवढाच कुठे तरी राहिलेला असतो. तो जपून ठेवावा.

मोठ्या आकाराची फाइल म्हणजे तात्पुरती फाइल, हा आणखी एक चुकीचा समज आहे. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या बारकाईने, रंगीत स्कॅन केला तर दाबून लहान न केलेली टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. शेजारी त्याच नावाची दोन-तीन एमबीची जेपीजी असते, आणि मग जागेसाठी टिफ काढून टाकली जाते. जेपीजी टिफवरून बनते, जेपीजीवरून ती टिफ मिळत नाही. मूळ कागदी फोटो दरवर्षी थोडा अधिक फिका होतो, त्यामुळे आज पुन्हा स्कॅन करूनही तेच चित्र मिळेल असे नाही. स्कॅनरच्या प्रोग्रामने मागे ठेवलेल्या बीएमपी किंवा टीएमपी फायली मात्र टिफ नीट उघडत असेल तर काढता येतात.

लहान आकाराच्या बाबतीतही सावध राहावे. कॅमेऱ्याने फोटोच्या आत ठेवलेले थंबनेल बहुधा १६० बाय १२० पिक्सेलचे असते, म्हणून त्या मापाची सुटी चित्रे बहुतेक वेळा थंबनेलच असतात. पण ६४० बाय ४८० ही मापे पाहून तीच कारवाई करू नये. सुरुवातीच्या काळातील अनेक मोबाइल फोनचा कॅमेरा तेवढ्याच मापाचे फोटो काढत असे, आणि त्या काळातील एखाद्या प्रसंगाचा तोच एकमेव फोटो असू शकतो.

प्रत्यक्ष तपासून ठरवायच्या फायली

‘टीएमपी’ शेपटीची फाइल पुसण्यापूर्वी तिचा आकार पाहावा. शून्य केबीच्या फाइलमध्ये काहीच नसते. आकार एखाद्या फोटोइतका, म्हणजे एक एमबीपेक्षा अधिक असेल, तर तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करून त्या प्रतीच्या नावाची शेपटी जेपीजी करावी आणि उघडून पाहावी. फोटो साठवताना प्रोग्राम आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहितात आणि लिहून झाल्यावर तिचे नाव बदलतात. नेमक्या त्या क्षणी वीज गेली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला गेला, तर संपूर्ण फोटो तात्पुरत्या नावाने राहून जातो. चित्र अर्धे दिसून खाली करडा भाग आला तर फाइल अपुरी आहे. त्याच फोटोची पूर्ण प्रत इतरत्र आहे का ते शोधावे, आणि नसेल तर अर्धा फोटोही ठेवावा.

विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांनाही डिस्कच्या मुळाशी ‘फाउंड डॉट शून्य शून्य शून्य’ अशा नावाचे लपलेले फोल्डर आणि त्यात ‘सीएचके’ शेपटीच्या फायली आढळतात. पावसाळ्यात वीज जाऊन संगणक अचानक बंद पडला, आणि पुढच्या वेळी सुरू होताना डिस्कची तपासणी झाली, की नाव हरवलेले डिस्कवरचे तुकडे या फायलींत ठेवले जातात. यात पूर्ण फोटो निघू शकतात. वर सांगितल्याप्रमाणे प्रतीची शेपटी बदलून पाहावे. फायली पुष्कळ असतील तर आशयाच्या आरंभावरून प्रकार ओळखणारा प्रोग्राम वापरावा. प्रत्येक जेपीजी फाइलची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, त्यामुळे हे शक्य होते. फोटोरेक या मोफत प्रोग्रामने पूर्वी कोणी फोटो परत मिळवले असतील तर संग्रहात ‘रिकप-डिर’ नावाची फोल्डरेही असतील. त्यातील इंग्रजी ‘टी’ अक्षराने सुरू होणारी जेपीजी चित्रे थंबनेल असतात, आणि ‘एफ’ने सुरू होणाऱ्या फायली मुख्य असतात. एखाद्या थंबनेलचा मुख्य फोटो मिळालेला नसेल तर ते थंबनेल राखावे.

अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीपासून फोनवर पुसलेला फोटो लगेच नष्ट होत नाही. त्याच्या नावाआधी टिंब, ‘ट्रॅश्ड’ हा शब्द आणि एक लांब आकडा लागतो, आणि साधारण ३० दिवसांनी फोन तो स्वतः काढतो. त्या मुदतीत फोल्डर संगणकावर उतरवले तर या फायलीही येतात, आणि संगणकावर त्यांना काढणारे कोणी नसते. नावातील हा पुढचा भाग काढला की साधा फोटो उघडतो. घरातल्या ज्या व्यक्तीच्या फोनमधून त्या आल्या, तिला विचारूनच त्या काढाव्यात. तो फोटो तिने जाणूनबुजून पुसला असेल, किंवा चुकून गेला म्हणून ती आजही हळहळत असेल. ‘पेंडिंग’ शब्द लागलेल्या फायली फोनने लिहिताना अर्धवट सोडलेल्या असतात. त्याही अशाच उघडून पाहाव्यात.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरातील ‘स्टेटसेस’ हे लपलेले उपफोल्डर आपण पाहिलेल्या इतरांच्या स्टेटसचे असते. ते काढावे. ‘सेंट’ या उपफोल्डरात आपण पाठवलेल्या फोटोंच्या लहान केलेल्या प्रती असतात. मूळ फोटो गॅलरीत असेल तर त्यांची गरज नाही, पण फोन बदलताना मूळ फोटो गेले असतील तर हीच प्रत उरलेली असते. व्हॉट्सॲपने आलेल्या फोटोच्या नावातील तारीख तो पाठवल्या-मिळाल्याची असते, फोटो काढल्याची नसते, आणि फोटोतील मूळ तारीखही निघून गेलेली असते. म्हणून दोन प्रतींतून निवड करताना कॅमेऱ्यातून थेट आलेली प्रत ठेवावी.

येथे उलट प्रकारही लक्षात ठेवावा. तात्पुरत्या जागीच खरे फोटो पडलेले असतात. विंडोजमध्ये झिप फाइल न सोडवता तिच्यातील फोटो थेट उघडला, तर तो वापरकर्त्याच्या ‘टेम्प’ फोल्डरमध्ये उतरतो, आणि तिथेच संपादित करून सेव्ह केला तर बदललेली प्रतही तिथेच राहते. विंडोजच्या ‘स्टोरेज’ सेटिंगमधील ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही दाखवले जाते. पुष्कळ घरांत नातेवाइकांनी ईमेलने पाठवलेले फोटो वर्षानुवर्षे डाउनलोड्समध्येच असतात. त्या यादीतील डाउनलोड्सच्या चौकटीत खूण नाही याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि त्याआधी ‘टेम्प’ व ‘डाउनलोड्स’ या दोन्ही ठिकाणी जेपीजी शोधून सापडलेले फोटो संग्रहात हलवावेत.

काढण्याची पद्धत

थेट पुसू नये. त्याच डिस्कवर, पण संग्रहाच्या बाहेर ‘तपासणी’ नावाचे फोल्डर करून काढायच्या फायली प्रकारानुसार त्यात हलवाव्यात. एका वेळी एकच प्रकार घ्यावा. आधी सगळ्या ‘थम्ब्स’, मग सगळ्या ‘डीएस-स्टोअर’, अशा रीतीने. सारख्या नावाच्या फायली एकमेकींवर लिहिल्या जाऊ नयेत म्हणून ज्या फोल्डरातून फाइल आली त्याच नावाचे उपफोल्डर आत करावे. थम्ब्ससारख्या पूर्णतः निरुपयोगी फायलींसाठी एवढे कष्ट घ्यायला नकोत, पण टीएमपी, सीएचके आणि ‘ओरिजिनल’ या गटांसाठी ते घ्यावेत.

पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरील फोल्डरमधून पुसलेली फाइल विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही. ती थेट जाते. म्हणून पेनड्राइव्हवरील संग्रहाची सफाई पेनड्राइव्हवर करू नये, आधी तो संगणकावर उतरवावा.

संग्रह गूगल फोटोज, वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडशी जोडलेला असेल तर सफाईच्या काळात सिंक, म्हणजे सर्व यंत्रांवरील फायली आपोआप सारख्या ठेवण्याची क्रिया, थांबवून ठेवावे. एका ठिकाणी पुसलेली फाइल सर्व यंत्रांवरून नाहीशी होते, आणि बडोद्यात आवरताना परदेशी मुलाच्या फोनमधील फोटो जाऊ शकतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो पुसल्यावर ६० दिवस कचरापेटीत राहतो, तर गूगल ड्राइव्हमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. घरातील सर्वांना आधी कळवावे आणि मुदत संपण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे.

हलवाहलव झाल्यावर जेपीजी आणि व्हिडिओंची संख्या पुन्हा मोजून कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहावी. टिंब-अंडरस्कोरच्या जोडफायली आणि काढलेल्या थंबनेल, स्टेटस यांच्या फायलीही जेपीजी व व्हिडिओंत मोजल्या गेलेल्या असतात, म्हणून संख्या तेवढ्याने कमी आली तर हिशेब बरोबर आहे. त्याहून अधिक कमी आली तर ‘तपासणी’ फोल्डर उघडून कोणता प्रकार चुकून गेला ते शोधावे. मग प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधील काही फोटो आणि संपादनाच्या प्रोग्राममधील काही जुने काम उघडून पाहावे. ‘तपासणी’ फोल्डर निदान एक गणेशोत्सव आणि एक दिवाळी उलटेपर्यंत ठेवावे. सणाच्या दिवसांत नातेवाईक एकत्र येतात, जुने फोटो काढले जातात, आणि काही गहाळ असेल तर तेव्हाच लक्षात येते.

पुन्हा साचू नये म्हणून

फोनमधून संपूर्ण फोल्डर न उतरवता त्यातील ‘कॅमेरा’ हे उपफोल्डर उतरवावे. मूळ ठिकाणाहून फोटो ‘कट’ करू नयेत. ‘कॉपी’ करावी, संख्या ताडावी आणि नंतर मूळ ठिकाणचे पुसावे. पेनड्राइव्ह आणि बाह्य डिस्क ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढू नयेत, आणि पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल तर मोठी कॉपी यूपीएसवर किंवा पूर्ण चार्ज असलेल्या लॅपटॉपवर करावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये माध्यमे आपोआप उतरवणे बंद केले तर सुप्रभातची चित्रे संग्रहात येणेच थांबते. फोटोंवर काम करणारा नवा प्रोग्राम निवडताना तो नावे आणि मथळे फोटोच्या आतच लिहू शकतो का, हे पाहून तो पर्याय चालू करावा. पिकासाच्या फायलींतील चेहऱ्यांची नावेही सवडीने अशाच प्रोग्राममध्ये पुन्हा नोंदवून घ्यावीत, आणि तोपर्यंत त्या आयएनआय फायली फोटोंच्या सोबतच, त्याच फोल्डरमध्ये राहू द्याव्यात.